मोबाईलवरचा व्यायाम आणि घरातले मोठे लेकरू

निघोजे परिसरात कंपन्या वाढल्या तशा चाळी वाढल्या. या भाड्याच्या खोल्यांतून आरोग्याच्या कामासाठी फिरताना आम्ही मुद्दाम विचारतो, "घरात दिवसभर बसून असणारे कोणी आहे का?" आधी "नाही" असेच उत्तर येते. मग आई हळूच सांगते, "थोरला आहे ताई, पण तो जरा तसा आहे." वय पंचवीस-तीस. अठरा वर्षांपर्यंत विशेष शाळा होती. ती सुटली आणि चालणे-फिरणेही सुटले. वडील शिफ्टला, आई हाउसकीपिंगला, मुलगा टीव्हीसमोर.

वस्तीत अजूनही "मतिमंद" म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक दिव्यांगता असा उल्लेख आहे, आणि तो आजार नव्हे. पण बसून राहण्याने आजार येतात : वजन, शुगर, बीपी, बद्धकोष्ठता. त्यात फिट्सवरची व्हॅल्प्रोएटसारखी गोळी किंवा वागणुकीसाठी दिलेल्या काही गोळ्याही वजन वाढवतात. (म्हणून त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) आणि याचा भार पडतो आईच्या कंबरेवर. पन्नाशीच्या बाईने ऐंशी किलोच्या मुलाला रोज संडासातून हात धरून उठवायचे, अंघोळ घालायची. तिची कंबर गेली की त्या घरात दोन माणसे बसली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींबद्दल नव्या सूचना दिल्या. त्यात दिव्यांग प्रौढांसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. सुरुवात पाच मिनिटांनी केली तरी चालते.

त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये स्पेशल ऑलिम्पिक्स या संस्थेने 'स्कूल ऑफ स्ट्रेंथ' नावाचे व्यायामाचे व्हिडिओ काढले. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठी १९६८ पासून काम करणारी ही जागतिक संस्था आहे, भारतात तिचे नाव स्पेशल ऑलिम्पिक्स भारत. व्हिडिओ फुकट आहेत. इंग्रजीत आहेत, पण ती अडचण मोठी नाही. ही मुले ऐकून कमी आणि बघून जास्त शिकतात. आवाज बंद करा, आणि "हात वर, एक, दोन, तीन" असे आईने, बहिणीने आपल्या बोलीत म्हणावे.

मात्र मोबाईल हातात देऊन कामाला निघून जाल तर काहीच होणार नाही. दोन मिनिटांत जाहिरात येते, मग गाणे लागते, मग तो गाणेच बघत बसतो. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांचे वर्ग घरोघरी टॅबलेटवरून घेतले, तेव्हा शिकवणारा आणि शिकणारे एकमेकांना दिसत होते. आमच्या मते खरी गोष्ट हीच आहे. समोर ओळखीचा चेहरा हवा, वेळ रोज तीच हवी, व्यायामही तोच हवा. आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही. नवीन व्हिडिओच्या मागे लागू नका. एकच महिनाभर चालू द्या.

आता फोन कोणाचा? बहुतेक घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो कामावर जातो. म्हणून व्हिडिओ आधीच ऑफलाइन ठेवा, म्हणजे डेटाही वाचतो. दहा बाय दहाच्या खोलीत हात पसरायला जागा नसते, तेव्हा तीन-चार घरांनी मिळून संध्याकाळी विहारात किंवा समाजमंदिरात जमावे. एक फोन, एक खुर्ची, चार मुले. चौघे दिसले की लोकांचे बघणेही बदलते. मुलींना वगळू नका. मुलगी वयात आली की तिला घरात ठेवायचे आणि मग "लठ्ठ झाली" म्हणायचे, हे आम्ही फार बघतो. तिच्याबरोबर घरातली बाई असावी, एवढी काळजी पुरे.

सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जा. डाउन सिंड्रोम असेल तर हृदय आणि थायरॉईड तपासून घ्या. जवळपास निम्म्या जणांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. काहींच्या मानेतला वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो, त्यामुळे कोलांटउडी, शीर्षासन, हलासन नको. मान वाकडी धरली, चाल बदलली, हातापायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. फिट्स येणाऱ्यांना व्यायाम वर्ज्य नाही. गोळी चुकवू नये, उपाशीपोटी करू नये, आणि गच्चीवर किंवा नदीकाठी नको.

दुखते हे त्याला सांगता येईलच असे नाही. चेहरा बघा. ओठ निळसर झाले, छाती धरली, मटकन खाली बसला, तर थांबा. व्यायाम करताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतकाच दम लागावा.

तपासणीच्या खर्चासाठी नॅशनल ट्रस्टची निरामय योजना आहे. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना वर्षाला एक लाखापर्यंत विमा मिळतो, ओपीडी आणि थेरपीही त्यात येते. दिव्यांग प्रमाणपत्र लागते. ते काढले नसेल तर आधी ते काढा.

आणि एकच व्यायाम जमणार असेल तर हा करा : हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि बसणे. पहिल्या आठवड्यात पाच वेळा, मग दहा. हा जमला की संडासातून स्वतः उठणे सोपे जाते. खुर्ची प्लास्टिकची असेल तर ती पाठीमागून भिंतीला टेकवून ठेवा.