लघवीचे कल्चर : अचूक निदान, नेमके औषध

लघवी करताना जळजळ, वारंवार लघवीला जावे लागणे, ओटीपोटात दुखणे आणि काही वेळा थंडी वाजून येणारा ताप ही मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची परिचित लक्षणे होत. शहर असो वा खेडे, असा रुग्ण अनेकदा प्रथम औषधाच्या दुकानात जातो. दोन-तीन दिवस गोळ्या घेतल्यावर जळजळ थांबते आणि आजार बरा झाला असे मानले जाते. काही आठवड्यांनी तो पुन्हा उद्भवतो, तेव्हा आधीच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. संसर्ग कोणत्या जीवाणूमुळे झाला आणि त्यावर कोणते प्रतिजैविक लागू पडेल, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे लघवीच्या कल्चर तपासणीतून मिळतात. तपासणी जुनी आणि तुलनेने साधी आहे. मात्र ती योग्य वेळी, योग्य नमुन्यावर आणि रुग्णाच्या आवाक्यातील अंतरावर होणे आवश्यक असते.

आजाराचे स्वरूप

मूत्रमार्गाच्या संसर्गास बहुतांशी आतड्यात वास्तव्य करणारे जीवाणू कारणीभूत असतात. त्यांत ई-कोलायचा वाटा सर्वाधिक असून क्लेबसिएला, प्रोटियस, एंटेरोकॉकस आदी जीवाणूही आढळतात. स्त्रियांमध्ये मूत्रनलिकेची लांबी सुमारे ४ सेंटिमीटरच असल्याने जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. त्यामुळे हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक दिसतो. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसल्याने पाणी कमी पिणे आणि लघवी रोखून धरणे या सवयीही त्रासात भर घालतात. संसर्ग मूत्राशयापुरता राहिल्यास उपचार सोपे असतात. तो मूत्रपिंडापर्यंत गेल्यास तीव्र ताप येतो, आणि जंतू रक्तात पसरल्यास जीवावर बेतू शकते.

तपासणी कशी होते?

लघवीची नेहमीची तपासणी आणि कल्चर यांत अनेकदा गल्लत होते. नेहमीच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली पूपेशी पाहिल्या जातात व तिचा अहवाल त्याच दिवशी मिळतो. पूपेशी वाढल्या असल्यास संसर्गाची शंका बळावते, परंतु जीवाणूची ओळख पटत नाही. मूत्रपिंडाच्या क्षयरोगातही पूपेशी दिसतात. मात्र क्षयाचे जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र तपासणी करावी लागते.

कल्चरमध्ये ०.००१ मिलिलिटर लघवी मावेल अशा मोजक्या तारेच्या कडीने नमुना पोषक माध्यमाच्या तबकडीवर पसरवला जातो. ही तबकडी सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानात १८ ते २४ तास ठेवतात. प्रत्येक जिवंत जीवाणूपासून डोळ्यांना दिसणारी एक वसाहत तयार होते. अशा १०० वसाहती आढळल्यास एका मिलिलिटरमध्ये १,००,००० जीवाणू होते, असे गणित मांडता येते. अमेरिकेतील संशोधक एडवर्ड कॅस यांनी १९५०च्या दशकात केलेल्या अभ्यासातून एक लाखाचा हा निकष रूढ झाला. तो आजही आधारभूत मानला जातो. तथापि स्पष्ट लक्षणे असलेल्या रुग्णात याहून कमी संख्याही अर्थपूर्ण ठरू शकते.

जीवाणूची ओळख पटल्यावर संवेदनशीलता चाचणी केली जाते. जीवाणू पसरवलेल्या तबकडीवर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या छोट्या चकत्या ठेवतात. जे औषध प्रभावी असते, त्याच्या चकतीभोवती जीवाणू न वाढलेले वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मोजून व प्रमाणित कोष्टकाशी ताडून जीवाणू त्या औषधास संवेदनशील आहे की प्रतिरोधक, हे ठरवले जाते. या सर्व प्रक्रियेस दोन ते तीन दिवस लागतात. मोठ्या प्रयोगशाळांतील स्वयंचलित यंत्रांमुळे यातील काही वेळ वाचतो. परंतु जंतू वाढण्यास लागणारा कालावधी टाळता येत नाही.

नमुन्याचे महत्त्व

कल्चरची विश्वासार्हता नमुन्यावर अवलंबून असते. औषधाची पहिली मात्रा घेण्यापूर्वीच नमुना द्यावयास हवा. प्रतिजैविक सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि संसर्ग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. जननेंद्रियाचा भाग पाण्याने स्वच्छ करून लघवीची पहिली धार सोडून द्यावी व मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी. घरातील धुतलेली बाटली यासाठी चालत नाही.

नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा. ते शक्य नसल्यास तो सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा. असा नमुना २४ तासांपर्यंत वापरता येतो. अनुकूल स्थितीत ई-कोलायची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होऊ शकते. त्यामुळे उन्हाळ्यात काही तास तसाच राहिलेला नमुना नसलेला आजार दाखवू शकतो. तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू एकत्र वाढल्यास नमुना दूषित झाला असे बहुधा समजले जाते व तो पुन्हा घ्यावा लागतो. मूत्रनळी बसवलेल्या रुग्णाचा नमुना साठवण पिशवीतून घेऊ नये. तान्ह्या बाळांमध्येही चिकटपिशवीत गोळा केलेल्या लघवीचे कल्चर भरवशाचे नसते.

तपासणी कोणासाठी?

अन्यथा निरोगी तरुण स्त्रीला प्रथमच साधा मूत्राशयाचा संसर्ग झाल्यास डॉक्टर लक्षणांवरून उपचार करू शकतात. मात्र गर्भवती, लहान मुले, पुरुष, मधुमेही, वारंवार संसर्ग होणारे रुग्ण, ताप व कंबरेत वेदना असलेले रुग्ण आणि उपचारांनी बरे न वाटलेले रुग्ण यांच्यासाठी कल्चर महत्त्वाचे ठरते. आजार तीव्र असल्यास अहवालासाठी उपचार थांबवण्याची आवश्यकता नसते. नमुना घेऊन औषध सुरू करावे आणि अहवालानुसार त्यात बदल करावा, ही शास्त्रशुद्ध पद्धत होय.

गर्भवतींचा प्रश्न अधिक लक्ष देण्याजोगा आहे. गर्भारपणात कोणतेही लक्षण नसताना लघवीत जंतू वाढत राहू शकतात. साधारणपणे २ ते १० टक्के गर्भवतींमध्ये ही स्थिती आढळते. उपचार न झाल्यास त्यांच्यापैकी अनेकींना मूत्रपिंडाचा संसर्ग होण्याचा धोका असतो. प्रसूतिपूर्व तपासणीत लघवीतील प्रथिने व साखर पाहिली जाते. त्यातून जंतूंचा शोध लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गर्भवतींसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा लक्षणविरहित संसर्गाच्या निदानासाठी कल्चरची शिफारस केली आहे. जेथे ते शक्य नाही, तेथे तपासणी पट्टीऐवजी ग्रॅम रंजन पद्धत वापरावी, असे त्यात सुचवले आहे.

याउलट, लक्षणे नसलेल्या वृद्धांची किंवा दीर्घकाळ मूत्रनळी असलेल्यांची केवळ खबरदारी म्हणून तपासणी केल्यास अनावश्यक प्रतिजैविके दिली जाण्याचीच शक्यता असते.

प्रतिरोधाचे आव्हान

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचा प्रसार ही या विषयाची सर्वांत गंभीर बाजू आहे. २००८ मध्ये स्वीडनमध्ये, पूर्वी नवी दिल्लीत रुग्णालयात उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या लघवीच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला जीवाणू आढळला. कार्बापेनेम या प्रभावी गटातील औषधेही निष्प्रभ करणारे विकर त्यात होते. एनडीएम-१ हे नाव त्यास दिले गेले. नावात नवी दिल्लीचा उल्लेख असल्याने वाद झाला. परंतु प्रश्नाचे गांभीर्यही त्यातून पुढे आले. २०१२ मध्ये भारतीय वैद्यकीय संघटनांनी चेन्नई जाहीरनाम्याद्वारे कृतीचा आराखडा मांडला. मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीतील प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषध विक्रेत्यांना बंधनकारक झाले. २०१७ मध्ये प्रतिरोधाविषयीची राष्ट्रीय कृती योजना जाहीर झाली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे सर्वेक्षण जाळे २०१३ पासून कार्यरत आहे. एकेकाळी या आजारात सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लोक्सासिनसारखी औषधे ई-कोलायवर मोठ्या प्रमाणात निष्प्रभ ठरत असल्याचे त्याच्या अहवालांतून दिसते. नायट्रोफ्युरँटॉइन व फॉस्फोमायसिन ही मूत्राशयाच्या संसर्गावरील औषधे मात्र बऱ्याच अंशी उपयुक्त राहिली आहेत. ही माहिती हजारो रुग्णांच्या कल्चर अहवालांतूनच संकलित होते. म्हणजेच एका रुग्णाची तपासणी पुढील रुग्णाच्या उपचारासही दिशा देते.

प्रयोगशाळा गावाजवळ याव्यात

सर्वेक्षणातील बरीचशी माहिती मोठ्या रुग्णालयांतून येते. तेथील रुग्ण अधिक गुंतागुंतीचे असल्याने त्यावरून तालुक्यातील रुग्णाचे चित्र स्पष्ट होत नाही. ही दरी भरून काढण्यासाठी जिल्हा पातळीवरील सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा सक्षम होणे निकडीचे आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत मोफत निदान सेवा उपक्रम सुरू झाला. २०१९ मध्ये अत्यावश्यक निदान चाचण्यांची राष्ट्रीय यादी प्रसिद्ध झाली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात सर्व जिल्ह्यांत एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. केरळने २०१८ मध्येच स्वतःची राज्य कृती योजना आखून या कामात पुढाकार घेतला.

इमारत व यंत्रे यांच्याबरोबरच प्रशिक्षित सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व तंत्रज्ञ, गुणवत्तापूर्ण माध्यमे व चकत्या, आणि अखंड वीजपुरवठा यांची तरतूद करावी लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात निर्जंतुक डब्या हव्यात. नमुना शीतपेटीतून त्याच दिवशी जिल्ह्याला जावा आणि अहवाल दूरध्वनीवरून डॉक्टरांकडे परत यावा. क्षयरोग कार्यक्रमात थुंकीचे नमुने प्रयोगशाळेपर्यंत नेण्याचा अनुभव देशाच्या आरोग्य यंत्रणेकडे आहे. लघवीच्या नमुन्यांसाठी त्याचा उपयोग करून घेता येईल.

नमुना कसा द्यावा, हे आशा कार्यकर्ती व परिचारिका सोप्या भाषेत समजावू शकतात. रुग्णानेही दुकानातून परस्पर गोळ्या घेण्याचे टाळून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधाचा पूर्ण कालावधी पाळावयास हवा. नवी प्रतिजैविके शोधण्यास बराच काळ आणि मोठा खर्च लागतो. हाती असलेली औषधे दीर्घकाळ उपयोगी ठेवण्यासाठी कल्चरची सोय जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचणे, ही सार्वजनिक आरोग्याची मूलभूत गरज आहे.