गृहस्थित शिशुसंगोपन व संकटकालीन आश्रय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अनेक स्त्रिया राहत्या घरीच इतरांची मुले सांभाळतात. २०१४ च्या संघीय कायद्याने बालसंगोपनविषयक राज्य-आपत्तियोजनांत, स्थलांतराबरोबरच जागच्या जागी आश्रय घेण्याची कार्यपद्धतीही आवश्यक ठरविली. तथापि ‘सुरक्षित खोली’ एकच असते, हा समज भ्रामक होय. टॉर्नेडोच्या वेळी तळघर, अथवा सर्वांत खालच्या मजल्यावरील बिनखिडक्यांची आतली खोली योग्य. विषारी वायूची गळती झाल्यास मात्र तेच तळघर घातक ठरू शकते. कारण क्लोरीनसारखे वायू हवेहून जड असल्याने खाली साचतात. अशा वेळी जमिनीवरील मजल्याची खोली निवडून, वातानुकूलन बंद करून, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात.

खरी अडचण मनुष्यबळाची आहे. बालसंगोपन केंद्रात अनेक सेविका असतात. घरी बहुधा एकच स्त्री असते, आणि न चालणारी तान्ही मुले तिलाच उचलावी लागतात. म्हणून पाणी, दूध व लंगोट दोन्ही ठिकाणी आधीच ठेवणे, हजेरीपट, औषधे व पालकांचे दूरध्वनी-क्रमांक हाताशी असणे आणि नियमित सराव करणे अगत्याचे होय. एकटीच्या दोन हातांना जे साधते, तेवढीच योजना खरी.