गोष्ट सांगतो कोण?

पावसाची झड लागली, शेतातली कामे थांबली, की घराघरांत पुस्तके निघतात. त्यांत एखादी रहस्यकथा हमखास असते. ती हाती घेतली, की रात्र कशी सरली ते कळत नाही.

पण एक गोष्ट आपल्या ध्यानात आली का? त्या कथेत पुरुष आला, की तो काय करतो ते सांगतात. बाई आली, की ती कशी दिसते ते सांगतात. गुप्तहेराची हुशारी पानोपानी. बाईचे मात्र केस, बांधा आणि साडी. पुढे ती कुणाला तरी फसवते, नाहीतर किंचाळते आणि कुणीतरी तिला सोडवतो.

'करमणूक आहे, मनावर काय घ्यायचे?' असे कुणी म्हणेल. पण सांगणाऱ्याची नजर हळूहळू वाचणाऱ्याची होते. आपला मुलगा ज्या नजरेने ते पान वाचतो, त्याच नजरेने एस.टी.तून शाळेला जाणाऱ्या मुलींकडे पाहू लागला, तर दोष कुणाचा?

ही तक्रार आजची नव्हे. जळगावला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ती १८८२ साली मांडली. आदल्या वर्षी सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांवर तोंडसुख घेतले. ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उत्तर दिले. त्यात 'स्त्रीचरित्र', 'मुक्तामाला', 'मनोरमा' अशा त्या वेळच्या गोष्टी, कादंबऱ्या, नाटकांचाही त्यांनी समाचार घेतला. बाईच्या माथी मारलेले दुर्गुण पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. लोकांनी टीका केली. जोतीराव फुले मात्र पाठीशी उभे राहिले. पुढे पुस्तक विसरले गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले.

आणि बाईच सांगू लागली, तर काय होते? त्यासाठी लांब जायला नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर. त्या गाण्यांतली बाई दळते, शेतात राबते, माहेराची वाट आठवते, दुःख गिळून विचार करते. ती कशी दिसते, हे विचारायचे आपल्याला सुचतही नाही.

म्हणून रहस्यकथा खुशाल वाचा. मात्र वाचताना मुलांना विचारा : या गोष्टीतली बाई काय करते? तिला स्वतःचे मत आहे का? हीच हकिकत तिने सांगितली असती, तर कशी झाली असती?

आणि जेवणे आटोपल्यावर एखाद्या रात्री आजीला, नाहीतर थोरल्या मुलीला म्हणा, 'आज गोष्ट तू सांग.' आपण सर्वांनी ऐकावे.