धमधम नको, बेस हवा!

होम थिएटर घेतलंत, ईएमआयही सुरू झाला. पण पिक्चर लावला की एकतर नुसती धमधम, नाहीतर बेस गायब! लगेच सबवूफर बदलायला निघू नका. आधी त्याची जागा बदला.

खरा घोळ खोलीचा असतो. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण २८ फूट. तुमचा हॉल १४ फूट लांब असेल, तर हा सूर दोन भिंतींत बरोबर अडकतो. भिंतींपाशी घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. टीव्हीशेजारचा कोपरा रिकामा, म्हणून वूफर तिथे जातो. तिथे आवाज वाढतो खरा, पण घुमतोही सर्वांत जास्त.

उपाय जरा विनोदी आहे. वूफर चक्क सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. भरपूर बेसचं, ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा (पाहुणे नसताना!). जिथे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येईल, ती वूफरची जागा.

मग क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवून बघा. तुम्ही सोफ्यावर बसा, फेजचं बटण दुसऱ्या कुणाला ० आणि १८० करायला सांगा. बेस भरीव वाटेल ते ठेवा. व्हॉल्यूम सगळ्यात शेवटी, आणि बेतानंच. खालच्या मजल्यावरच्या काकूंना डायलॉग ऐकू जात नाहीत, हादरे मात्र बरोबर पोचतात.