न उघडलेल्या गड्डीचं काय होतं?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज नोटांच्या गड्डीवर बोलणार, हे ऐकून मागे कुणीतरी हसलं. हरकत नाही. हा प्रश्न माझ्याकडे ग्रंथातून आलेला नाही, ट्रंकेतून आलाय.

वडील इथंच अडतीच्या दुकानात दिवाणजी होते. लग्नसराईत अहेराची पाकिटं भरायची तर अकरा, एकवीस, एकावन्न. वरचा एक रुपया हवाच. त्यासाठी ते बँकेतून एक रुपयाच्या कोऱ्या नोटांच्या गड्ड्या आणून ठेवत. त्यातली एक शेवटपर्यंत फुटलीच नाही. वरच्या नोटेवर डॉ. मनमोहन सिंग यांची सही आहे. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरांची नव्हे, वित्त सचिवांची सही असते, आणि 1976 ते 1980 या काळात ते वित्त सचिव होते. नातू म्हणतो, "आजोबा, उघडू नका, फोडलेल्या गड्डीला कोण विचारतंय?" बहीण म्हणते, "अरे, उघडून तरी बघ, आत काही उरलंय का." दोघांचंही बरोबर आहे, हीच पंचाईत.

आधी कागदाचं बघू. नोटेचा कागद वर्तमानपत्रासारखा लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाच्या तंतूंचा असतो. त्यामुळे तो लवकर पिवळा पडत नाही की तुकडे पडत नाहीत. पण कापूस हवेतलं पाणी ओढतो, हे धोतर वाळत घालणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. शंभर नोटा एकमेकींना दाबून बसल्या की हा फेरा मुख्यतः बाहेरच्या नोटांना आणि चारी कडांना सोसावा लागतो. मधल्या नोटा शेजारणींच्या आडोशाला राहतात. म्हणून जुनी गड्डी फोडली की वरची-खालची नोट मळकट आणि मधली करकरीत, असा प्रकार होतो. एवढ्यापुरतं वेष्टणाचं काम नोटाच करतात.

आता पिन. तेव्हा गड्डी जाड तारेच्या पिनेनं टाचलेली असे. ती हातानं सोडवताना नोट फाटायची, ते आपण सगळ्यांनी केलंय. रिझर्व्ह बँकेनं 2001 साली बँकांना पिना मारायचं बंद करून कागदी पट्टी लावायला सांगितलं. त्याआधीच्या गड्डीत भोकं असणारच. परदेशात नोटांची प्रतवारी करणारेसुद्धा भारतीय नोटेच्या शेऱ्यात ही भोकं जन्मापासूनची आहेत असं लिहितात. भोक परवडलं, पण गंज नाही. दमट हवेत लोखंड गंजतं, गंज तारेपेक्षा जास्त जागा घेतो, भोकाभोवती तांबूस डाग पसरतो, आणि लोखंडाच्या सान्निध्यात कापसाचा तंतूही लवकर कुजतो. इथं मधल्या नोटांचीही सुटका नाही, कारण पिन शंभरांतून आरपार गेलेली असते.

वैशेषिक दर्शनात संयोग आणि समवाय असा भेद आहे. दोन वेगळ्या वस्तू जोडल्या तर तो संयोग. तो मोडता येतो. धागे आणि वस्त्र यांचा समवाय. तिथं एकाला वगळून दुसरं राहत नाही. पिन आणि नोट यांचा संबंध नक्कीच संयोगाचा. पण चाळीसेक वर्षं झाल्यावर पिन काढली तरी डाग नोटेतच राहतो. वर्गात हा भेद मी फार सोपा करून शिकवला, असं आता वाटतं.

अमेरिकेत हाच घोळ बेसबॉलच्या पत्त्यांचा आहे. टॉप्स नावाची कंपनी खेळाडूंच्या चित्रांचे पत्ते च्युइंगमच्या वडीबरोबर मेणकागदात गुंडाळून विकायची. मेणकागद उष्णतेनं चिकटवायचा, म्हणून घडीला लागून असलेल्या पत्त्यावर मेणाचा डाग. गमला टेकलेल्या पत्त्यावर गमचा डाग. मधले पत्ते चांगले. 1991 नंतर कंपनीनं पाकिटातून गमच काढून टाकला. तरी जुनी बंद पाकिटं लोक मोठ्या किमतीला घेतात, आणि अर्थातच, उघडून पुन्हा चिकटवणारे महाभागही निघतात.

मग बंद वस्तूच्या आतलं कळायचं कसं? नैयायिक डोंगरावरच्या धुरावरून अग्नी ओळखतात. गड्डीला धूर तिच्या कडांवर दिसतो. कडा सरळ, एकसारख्या पांढऱ्या असतील तर आत ओल गेलेली नाही. लाटा दिसल्या तर गेली. पिनेजवळ जादा भोकं असतील तर कुणीतरी गड्डी सोडवून पुन्हा टाचली. अनुमान चुकू शकतं, पण भाव त्याच्यावरच ठरतो.

वेष्टण घट्ट म्हणजे चांगलं, हा समज मात्र तासगावात तरी नसावा. बेदाणा ओला भरला तर खोका कितीही पक्का असो, माल आतूनच बिघडतो, हे इथल्या शेतकऱ्याला माहीत आहे. नोटांचं तेच. जुलैत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या तर पिशवी बाहेरची ओल अडवते आणि आतलीही अडकवून ठेवते. त्यातून पिशवी मऊ पीव्हीसीची असेल तर तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर पडतं, ती चिकट होते. रबर बँडचंही तसंच, वितळून कागदाला चिकटतं. पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट चालतं. तेही कोरड्या दिवसांत भरावं.

आमची पिशवी चिकट झाली होती. वरच्या नोटेचा एक कोपरा तिच्याबरोबर थोडा सोलला गेला. तो मी केलेला, वडिलांनी नाही. पिन अजून जागेवर आहे, तिच्याभोवती गंजाचा डाग दिसतो. काढली तर नातवाच्या लेखी गड्डी फुटली, ठेवली तर डाग वाढणार. बहीण दिवाळीला यायची आहे. तिनं आधीच सांगून ठेवलंय की भाऊबीजेच्या ओवाळणीत तिला त्यातलीच एक नोट पाहिजे.