स्वभाव, कार्यालयीन न्याय आणि घर

नोकरी आणि घर यांच्यातील ओढाताणीला मानसशास्त्रात ‘कार्य-कुटुंब संघर्ष’ म्हणतात. जेफ्री ग्रीनहाउस व निकोलस ब्यूटेल या अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ मध्ये तिचे तीन प्रकार सांगितले: वेळेची टंचाई, एकीकडचा ताण दुसरीकडे झिरपणे आणि कामावर उपयोगी पडणारी वागण्याची रीत घरात नडणे. हुकूम सोडण्याची सवय जडलेला अधिकारी घरच्यांना नकोसा होतो, तो या तिसऱ्या प्रकारामुळे.

ही ओढाताण कोणाला अधिक जाचते, याचे उत्तर काही अंशी स्वभावात सापडते. व्यक्तिमत्त्वाचे मोजमाप ज्या पाच गुणांवर करण्याचा प्रघात आहे, त्यांपैकी भावनिक अस्थिरता, म्हणजे चटकन चिंतेत पडण्याचा व खचण्याचा कल, या संघर्षाशी विशेष निगडित आढळते, तर जबाबदारीने काम करणाऱ्या आणि जुळवून घेणाऱ्या माणसांना त्याची झळ तुलनेने कमी लागते. मात्र विवेचन येथेच थांबवले, तर दोष कर्मचाऱ्याच्या माथी मारून त्याला तणावमुक्तीच्या शिबिराला धाडणे व्यवस्थापनाच्या सोयीचे ठरते.

म्हणूनच ‘संस्थात्मक न्याय’ ही संकल्पना महत्त्वाची आहे. मोबदल्याचे वाटप, निर्णयाची पद्धत आणि वरिष्ठांची वागणूक कर्मचाऱ्याला कितपत न्याय्य वाटते, याचा विचार तीत होतो. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार रुग्णालयांपैकी दोन ठिकाणी वेतनपद्धती बदलून परिचारिकांचे उत्पन्न घटले होते आणि त्यांची झोप उडाली होती. परंतु या दोहोंपैकी जेथे वरिष्ठांना आदराने वागण्याचे व निर्णय नीट समजावून सांगण्याचे प्रशिक्षण मिळाले, तेथे निद्रानाश लक्षणीय प्रमाणात कमी राहिला. कार्यालयातील वागणूक अंथरुणापर्यंत पोहोचते, हे यातून दिसते. अर्थात कापलेले वेतन गोड बोलण्याने भरून येत नाही, हेही खरेच.

भारतात वाटपाचा प्रश्न घरातूनच सुरू होतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली व पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पण या कायद्याने वडिलांना एक दिवसही रजा दिली नाही आणि आईच्या रजेतील वेतनाचा भार मालकावर ठेवला, त्यामुळे तरुण स्त्रीला नोकरीवर घेतानाच हात आखडता घेण्याचे निमित्त त्याला मिळते.