म्हातारपणानं पाय गळाले म्हणता? आधी शुगर तपासा

"वय झालं, आता पाय साथ देत नाहीत," असं म्हणून घरातली म्हातारी माणसं गप्प बसतात. पण ज्यांना बरीच वर्षं शुगर आहे, त्यांच्या पायातली ताकद जाण्यामागं वयापेक्षा शुगरच असू शकते.

रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की मेंदूचा निरोप नेणाऱ्या-आणणाऱ्या नसा खराब होतात. पायाच्या नसा सगळ्यात लांब. कॅनॉलचं पाणी कमी पडलं की पहिला फटका टेलच्या शेताला बसतो, तसंच इथं होतं. त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि हळूहळू वर चढतो.

ओळखायचं कसं?

आधी मुंग्या येतात, तळपाय जळजळतात, रात्री जास्तच. मग पाय बधिर होतो. चप्पल निसटलेली कळत नाही, अंधारात तोल जातो. पुढं पंजा नीट उचलत नाही, उंबऱ्याला ठेच लागते. पन्नाशीनंतर काहींना एका मांडीत जोराची कळ येते, मांडी बारीक होते, बसल्यावर उठता येत नाही. तेही शुगरमुळं होऊ शकतं.

दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं नाही

बधिर पायात काटा मोडला तरी समजत नाही. जखम चिघळते आणि पाय कापायची वेळ येऊ शकते.

काय करायचं?

• रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघा. म्हाताऱ्यांना दिसत नसेल तर घरच्यांनी बघावं.
• रानात, अंगणात अनवाणी फिरू नका.
• बधिर पाय शेकू नका, भाजलेलं कळत नाही.
• तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी डॉक्टरांना विचारून करा.
• मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ सुद्धा तपासा. ते कमी झालं तरी पाय बधिर होतात, पण ते औषधानं भरून काढता येतं. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

३० वर्षांवरच्या लोकांची शुगर तपासणी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारा. खराब झालेली नस पूर्ण सुधारेलच असं नाही, पण साखर आटोक्यात राहिली तर पुढचं नुकसान कमी होतं.

एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर तो लकवा असू शकतो. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच १०८ ला फोन लावा.